टीएमसी ते मायक्रोलिटर: शून्यं नेमकी कुठे गळतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. भातसा धरणाचा उपयुक्त साठा ७,१७,०३७ दशलक्ष लिटर. तो घन मिलीमीटरमध्ये आणायचा होता. कागदावर उत्तर आलं ७.१७ गुणिले दहाचा पंधरावा घात आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरने दाखवलं ७.१७ ई १७, म्हणजे ७.१७ गुणिले दहाचा सतरावा घात. चूक कोणाची? शिवाय पेपरात कधी टीएमसी (अब्ज घनफूट), कधी दलघमी (दशलक्ष घनमीटर), कधी दशलक्ष लिटर येतं आणि सोसायटीच्या टाकीत औषध मात्र मिलीलिटरने घालायचं असतं. हे सगळं एका हिशोबात कसं बसवायचं?

मोबाइल बरोबर आहे. कागदावर शेवटच्या पायरीला दोन शून्यं गळाली आहेत आणि ती कुठे गळाली हेही सांगता येतं. लिटरवरून घन सेंटीमीटरपर्यंतचा हिशोब ठीक झाला असणार. पुढे सेंटीमीटरचे मिलीमीटर करताना '१ सेंमी म्हणजे १० मिमी' म्हणून १० ने गुणलं गेलं. ते लांबीसाठी खरं. पण घन सेंटीमीटर म्हणजे एक सेंटीमीटर बाजूचा ठोकळा, साधारण खेळातल्या फाशाएवढा. त्याच्या लांबीत १० मिमी, रुंदीत १०, उंचीत १०. त्यात एक मिमीचे दाणे भरायचे तर तळात १०० बसतात आणि असे दहा थर लागतात. म्हणजे १,०००. घनफळ बदलताना लांबीचा गुणक तीनदा लावायचा, एवढं एक विसरलं की उत्तर शंभर पटीने चुकतं. मीटर आणि मिलीमीटरच्या बाबतीत तर हजारऐवजी अब्ज पट लागते, तिथली चूक दहा लाख पटीची होते.

या कामासाठी एक शिडी पाठ करून ठेवावी. ठोकळ्याची बाजू दहापट केली की घनफळ हजारपट होतं आणि प्रत्येक पायरीला लिटरचं एक नाव आहे:

बाजू १ मिमी: १ मायक्रोलिटर
बाजू १ सेंमी: १ मिलीलिटर, म्हणजेच १ सीसी
बाजू १० सेंमी: १ लिटर
बाजू १ मीटर: १ किलोलिटर, म्हणजे १,००० लिटर
बाजू १० मीटर: १ मेगालिटर, म्हणजे १ दशलक्ष लिटर
बाजू १०० मीटर: १ गिगालिटर, म्हणजे १ दशलक्ष घनमीटर (हेच दलघमी)
बाजू १ किलोमीटर: १ घन किलोमीटर, म्हणजे १,००० दलघमी

वरपासून खालपर्यंत सहा पायऱ्या, प्रत्येकी तीन शून्यं, एकूण १८. एका घन किलोमीटरमध्ये घन मिलीमीटर किती, याचं उत्तर गुणाकार न करता मिळालं. खालीही शिडी चालूच राहते: ०.१ मिमी बाजू म्हणजे नॅनोलिटर, ०.०१ मिमी म्हणजे पिकोलिटर आणि एक मायक्रॉन (०.००१ मिमी) बाजूचा ठोकळा म्हणजे फेम्टोलिटर. हे शेवटचं नाव परकं वाटेल, पण ते घरातल्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये असतं. त्याकडे येतोच.

आता भातसाचं गणित. ७,१७,०३७ म्हणजे ७.१७०३७ गुणिले दहाचा पाचवा घात. 'दशलक्ष' म्हणजे घात ६. झाले ११, म्हणून ७.१७ गुणिले घात ११ लिटर. लिटरपासून मायक्रोलिटरपर्यंत शिडीवर दोन पायऱ्या खाली, म्हणजे आणखी ६. घात १७. शून्यं कागदावर काढत बसू नयेत, घातांची बेरीज करावी. एका ओळीत १२ शून्यं लिहिली की एखादं कमी-जास्त होतंच, मग कितीही सराव असो.

योगायोग असा की आपल्या जुन्या संख्यानामांची मालिका बरोबर इथेच संपते. एकं, दहं, शतं करत अब्ज (९), खर्व (१०), निखर्व (११), महापद्म (१२), शंकू (१३), जलधी (१४), अंत्य (१५), मध्य (१६) आणि परार्ध (१७). त्यामुळे भातसात सात परार्ध, एक मध्य आणि सात अंत्य इतके घन मिलीमीटर पाणी मावतं, असं शुद्ध मराठीत सांगता येतं. रोजच्या कामात याचा उपयोग शून्य, पण कागदावरचं पंधराव्या घाताचं उत्तर 'अंत्य'मध्ये होतं आणि मोबाइलचं 'परार्ध'मध्ये, हे कानाला लगेच कळतं.

मुंबईच्या सातही तलावांचे आकडे महापालिका दशलक्ष लिटरमध्ये देते. अप्पर वैतरणा २,२७,०४७, मोडकसागर १,२८,९२५, तानसा १,४५,०८०, मध्य वैतरणा १,९३,५३०, भातसा ७,१७,०३७, विहार २७,६९८, तुळशी ८,०४६. बेरीज १४,४७,३६३ दशलक्ष लिटर. पावसाळ्यात बातम्यांत येतं ते 'साडेचौदा लाख' हेच आणि गोंधळ इथेच सुरू होतो, कारण 'साडेचौदा लाख दशलक्ष' हा तोंडात न बसणारा प्रकार असल्यामुळे मधला 'दशलक्ष' बोलताना गळतो. साडेचौदा लाख लिटर म्हणजे दहा हजार लिटरचे जेमतेम १४५ टँकर. तेवढ्यावर एखादी मोठी वसाहत दिवसभर कशीबशी भागवेल.

हाच साठा शिडीवर एक पायरी वर नेला की १,४४७ दलघमी आणि आणखी एक पायरी वर नेला की १.४४७ घन किलोमीटर. सगळ्या मुंबईचं वर्षभराचं पाणी सुमारे १,१३१ मीटर बाजूच्या एका ठोकळ्यात मावतं. कोटींत सांगायचं तर १,४४,७३६ कोटी लिटर. इथे एक खाचखळगा आहे: दशलक्ष म्हणजे घात ६ आणि कोटी म्हणजे घात ७, त्यामुळे दशलक्षावरून कोटीत जाताना फक्त एक शून्य कमी होतं, तीन नाही. शिडी हजाराच्या पायऱ्यांची, आपली मोजणी लाख-कोटींची म्हणजे शंभराच्या पायऱ्यांची. दोन्ही एकाच ओळीत मिसळली की पाय घसरतो. म्हणून आधी सगळं गणित घातांत पुरं करावं आणि लाख-कोटी फक्त शेवटी, उत्तर वाचताना लावावं. स्वल्पविरामांचंही तेच. १४,४७,३६३ आणि १,४४७,३६३ हा एकच आकडा आहे, पण परदेशी ॲपमधून उतरवताना लोक स्वल्पविराम पाहून लाख मोजतात आणि फसतात.

दलघमी आणि दशलक्ष लिटर यांत हजारपट फरक आहे, हे वेगळं सांगायला हवं, कारण दोन्हीत 'दशलक्ष' आहे. कोयनेचा साठा दलघमीत आणि मुंबईचा दशलक्ष लिटरमध्ये शेजारी-शेजारी छापला तर मुंबईचे तलाव कोयनेच्या कित्येक पट मोठे वाटतात. प्रत्यक्षात कोयना १०५.२५ टीएमसीची, म्हणजे सुमारे २,९८० दलघमीची आणि मुंबईचे सातही तलाव मिळून १,४४७ दलघमी. साधारण निम्मे.

टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट. फुटाचं कुटुंब शिडीवर बसत नाही, त्याला एकच जिना लावावा लागतो. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिमी, ही व्याख्याच आहे. त्यावरून एक फूट ०.३०४८ मीटर आणि त्याचा घन ०.०२८३१६८ घनमीटर, म्हणजे एक घनफूट = २८.३१६८ लिटर. एवढा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरे, बाकी सगळं त्यातून निघतं. एक टीएमसी = २८.३१६८ दलघमी = २८,३१७ दशलक्ष लिटर = २,८३२ कोटी लिटर. मुंबईचे तलाव: १४,४७,३६३ भागिले २८,३१७, म्हणजे ५१.१ टीएमसी. त्यातला भातसा २५.३.

क्युसेक हे घनफळ नाही, वेग आहे: सेकंदाला एक घनफूट. 'धरणातून २० हजार क्युसेक पाणी सोडलं' या वाक्यातून किती पाणी गेलं ते कळत नाही, जोवर किती तास सोडलं ते माहीत नसतं. एक क्युसेक पूर्ण दिवस चालला तर २८.३१६८ गुणिले ८६,४००, म्हणजे २४.४७ लाख लिटर, म्हणजेच २.४४७ दशलक्ष लिटर. ११,५७४ क्युसेक दिवसभर चालले की एक टीएमसी होतो. उलट बाजूने, मुंबईला रोज साधारण ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येतं. ते सेकंदाला ४४,५६० लिटर, म्हणजे अवघे १,५७४ क्युसेक. २० हजार क्युसेकचा एका दिवसाचा विसर्ग मुंबईच्या बारा-तेरा दिवसांच्या पाण्याएवढा होतो. साठ्याला रोजच्या पुरवठ्याने भागलं तर ३७६ दिवस येतात. बाष्पीभवन आणि वाटेतली गळती त्यात धरलेली नाही, म्हणून हा आकडा वरची मर्यादा समजावी.

बांधकामावर फुटाचं आणखी एक बाळ आहे: ब्रास. वाळू, खडी, मुरूम यांचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. रेडीमिक्स काँक्रीट मात्र घनमीटरमध्ये येतं. एकाच साइटवर दोन्ही चालतात, म्हणून ३५.३१ लक्षात ठेवावं: एका घनमीटरमध्ये तितके घनफूट. क्षेत्रफळाच्या कामालाही, उदाहरणार्थ प्लास्टरला, ब्रास म्हणजे १०० चौरस फूट धरतात. बिलावर नुसतं 'ब्रास' लिहिलं असेल तर काम कशाचं आहे ते आधी पाहावं.

टाकी मोजताना फुटाचाच हिशोब असतो आणि तिथल्या चुका ठरलेल्या आहेत. आतून १२ बाय १० फूट आणि ६ फूट खोल टाकी म्हणजे ७२० घनफूट, गुणिले २८.३१६८, म्हणजे २०,३८८ लिटर. पण ओव्हरफ्लोचा पाइप वरून अर्धा फूट खाली असतो, त्यामुळे पाणी साडेपाच फूटच चढतं: १८,६८९ लिटर. बाहेरून टेप लावला आणि भिंत सहा इंची असली तर १३ बाय ११ मोजलं जातं आणि तीच टाकी २४,२९६ लिटरची 'होते'. १९ टक्के हवेत. तिसरी चूक अगदी बारीक: ५ फूट ६ इंच म्हणजे ५.५ फूट, ५.६ नव्हे. कॅल्क्युलेटरवर फूट टिंब इंच मारण्याची सवय अनेकांना असते.

पावसाचा हिशोब याहून सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर, कारण चौरस मीटरमध्ये दहा लाख चौरस मिमी आणि त्यावर एक मिमीचा थर म्हणजे दहा लाख मायक्रोलिटर. एक चौरस किलोमीटरवर एक मिमी म्हणजे एक दशलक्ष लिटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, म्हणजे त्या परिसरात दर चौरस किलोमीटरला ९४४ दशलक्ष लिटर पाणी पडलं. ते सगळ्या मुंबईच्या क्षेत्रफळाने गुणून 'मुंबईवर पडलेलं पाणी' काढणं मात्र चूक आहे. त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिमीचाही पाऊस नव्हता. एकक बरोबर बदललं तरी मूळ माप एका ठिकाणचंच राहतं.

गच्चीवर पाणी साठवण्याचा हिशोब करणारे इथे दहापट चुकतात. गच्ची ३,००० चौरस फूट, पाऊस १०० मिमी, गुणाकार तीन लाख, म्हणून तीन लाख लिटर! पण हा लिटरचा नियम चौरस मीटरचा आहे. ३,००० चौरस फूट म्हणजे २७९ चौरस मीटर आणि पाणी सुमारे २७,९०० लिटर. सुरुवातीला वाहून जाणारं घाण पाणी आणि उडून गेलेलं वजा करून जे उरतं ते आणखी कमी.

गॅलन शक्यतो टाळावा आणि टाळता येत नसेल तर कुठला ते विचारावं. ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा, अमेरिकन ३.७८५ लिटरचा. मुंबईच्या पाणीपुरवठ्याच्या जुन्या कागदांत दशलक्ष गॅलन येतात ते ब्रिटिश, कारण विहार (१८६०), तुळशी (१८७९), तानसा (१८९२) ही कामं त्या काळातली. पण घरच्या आरओ मशीनच्या मेंब्रेनवर '७५ जीपीडी' (दिवसाला ७५ गॅलन) लिहिलेलं असतं तो अमेरिकन गॅलन: दिवसाला २८४ लिटर. तेही ठरावीक दाब आणि तापमानाला, नळाच्या दाबाला नव्हे. कच्च्या तेलाचं 'पिंप'ही असंच फसवं. बातमीतलं पिंप म्हणजे ४२ अमेरिकन गॅलन, १५९ लिटर. चाळीच्या गॅलरीत पाण्याला ठेवलेलं पिंप बहुधा २०० लिटरचं असतं.

इंग्रजी संक्षेपांत तर एका अक्षराने अब्ज पट फरक पडतो. छोट्या लिपीतला एम म्हणजे मिली, कॅपिटल एम म्हणजे मेगा. मिलीलिटर आणि मेगालिटर हे दोन्ही 'एमएल'च आणि फोनचा ऑटोकरेक्ट कॅपिटल करून टाकतो. पाइप गॅसच्या दुनियेत एम म्हणजे हजार आणि एमएम म्हणजे दशलक्ष, रोमन अंकांवरून आलेलं. त्यामुळे बातमीतलं 'एमएमएससीएमडी' म्हणजे दिवसाला दशलक्ष प्रमाणित घनमीटर. वायूचा घनमीटर प्रमाणित तापमानाला आणि दाबाला धरलेला असतो, म्हणून गॅसच्या बिलावरचे घनमीटर आणि पाण्याच्या मीटरवरचे घनमीटर एका रांगेत बसवू नयेत. कागदावर काहीही लिहिताना 'मिलीलिटर' आणि 'दशलक्ष लिटर' असं पूर्ण लिहावं. मराठीचा इथे फायदाच आहे.

पाण्याच्या मीटरवर काळे आकडे घनमीटरचे आणि लाल आकडे दशांशातले, म्हणजे लिटरचे. काळे ००३४७ आणि लाल २५१ असेल तर वाचन ३४७.२५१ घनमीटर, म्हणजे ३,४७,२५१ लिटर. सगळे आठ आकडे सलग घनमीटर म्हणून उतरवले की वापर हजारपट दिसतो. बिलाचा दर दर हजार लिटरला असतो, म्हणजे नेमका दर घनमीटरला.

आता मोठ्याकडून लहानाकडे जाणारं सगळ्यात कामाचं गणित: क्लोरीन. लिटरला एक मिलिग्रॅम, म्हणजे एक पीपीएम. हीच मात्रा घनमीटरला एक ग्रॅम आणि दशलक्ष लिटरला एक किलो होते. शिडीवर पाणी आणि पदार्थ दोघंही बरोबरीने चढतात, त्यामुळे आकडा एकच राहतो. मुंबईच्या ३,८५० दशलक्ष लिटरला एक पीपीएम द्यायचा तर रोज ३,८५० किलो क्लोरीन लागेल. त्याच मात्रेत तुमच्या ग्लासातल्या दर मिलीलिटरला एक मायक्रोग्रॅम येतो.

सोसायटीच्या टाकीला उतरवू. महापालिकेचं पाणी क्लोरीन घालूनच येतं, तेव्हा हे टाकी धुतल्यावर किंवा विहिरीचं-टँकरचं पाणी घेतल्यावर. २०,००० लिटर, मात्रा २ पीपीएम. क्लोरीन लागेल ४०,००० मिलिग्रॅम, म्हणजे ४० ग्रॅम. सोडियम हायपोक्लोराइट १० टक्क्यांचं असेल तर दर मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणून ४०० मिलीलिटर. ब्लीचिंग पावडर ३३ टक्क्यांची असेल तर १२१ ग्रॅम, जुनी होऊन २५ टक्क्यांवर आलेली असेल तर १६० ग्रॅम. पावडर आधी बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचं पाणीच टाकीत घालावं. मुंबईच्या दमट उकाड्यात दोन्ही औषधं लवकर मरतात, म्हणून डब्यावरच्या टक्क्यावर विसंबू नये. अर्ध्या तासाने क्लोरोस्कोपने (पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणाऱ्या संचाने) तपासावं. भारतीय मानकाप्रमाणे वापरणाऱ्याकडे पोचलेल्या पाण्यात किमान ०.२ पीपीएम क्लोरीन उरलेला हवा.

हेच प्रमाण खाली नेलं की गंमत दिसते. २०,००० लिटरला ४०० मिलीलिटर, म्हणून २० लिटरच्या बादलीला ०.४ मिलीलिटर. वीस थेंबांचा एक मिलीलिटर धरला तर आठ थेंब. एक लिटरच्या बाटलीला २० मायक्रोलिटर, म्हणजे अर्ध्या थेंबाहूनही कमी आणि अर्धा थेंब ड्रॉपरने टाकता येत नाही. इथे कागदावरचं एकक बदलून भागत नाही, द्रावण बदलावं लागतं. एक मिलीलिटर हायपोक्लोराइट पाण्यात मिसळून १०० मिलीलिटर करा, त्यातले २ मिलीलिटर बाटलीत घाला. माप मोजण्याजोगं झालं. थेंब हे मुळात एकक नाहीच. सलाईनच्या साध्या सेटचे साधारण २० थेंब एक मिलीलिटर होतात, मायक्रो सेटचे ६०. पाकिटावर आकडा छापलेला असतो, तो वाचावा.

इन्सुलिनच्या बाबतीत हीच चूक जिवावर बेतू शकते. मिलीलिटरला ४० युनिटच्या औषधात एक युनिट २५ मायक्रोलिटरमध्ये असतं, १०० युनिटच्या औषधात १० मायक्रोलिटरमध्ये. लाल टोपणाची सिरिंज पहिल्यासाठी, नारिंगी टोपणाची दुसऱ्यासाठी. १०० चं औषध लाल सिरिंजमध्ये '१०' च्या खुणेपर्यंत ओढलं तर आत २५० मायक्रोलिटर येतात, म्हणजे २५ युनिट. अडीचपट. इथे मनातल्या मनात रूपांतर करू नये, बाटलीला जुळणारी सिरिंजच घ्यावी.

रक्ताच्या रिपोर्टकडे येऊ. पावसाळ्यात डेंग्यूचे दिवस आले की प्लेटलेट घराघरांत मोजल्या जातात. एक लॅब लिहिते १.५ लाख प्रति घन मिमी, दुसरी १५० हजार प्रति मायक्रोलिटर, तिसरी १५० गुणिले घात ९ प्रति लिटर. तिन्ही एकच. घन मिमी म्हणजे मायक्रोलिटर आणि लिटरमध्ये दहा लाख मायक्रोलिटर, म्हणून दीड लाख गुणिले घात ६. लॅब बदलली म्हणून प्लेटलेट कोसळल्या असं वाटून घेण्याआधी एककाचा रकाना पाहावा.

त्याच रिपोर्टमध्ये फेम्टोलिटर सापडतो. एमसीव्ही ९० म्हणजे एका तांबड्या पेशीचं सरासरी घनफळ ९० फेम्टोलिटर, ९० घन मायक्रॉन. पेशी ५० लाख प्रति मायक्रोलिटर असतील तर ५ गुणिले घात ६, गुणिले ९० फेम्टोलिटर, म्हणजे ४.५ गुणिले घात ८ फेम्टोलिटर. एका मायक्रोलिटरमध्ये घात ९ फेम्टोलिटर. भागाकार ०.४५. म्हणजे रक्ताचा ४५ टक्के भाग पेशींचा आणि रिपोर्टमधला पीसीव्ही किंवा हिमॅटोक्रिट नेमका हाच. आपलं रूपांतर बरोबर आहे का हे तपासायला याहून चांगला स्वाध्याय नाही, उत्तर शेजारच्या ओळीत छापलेलंच असतं.

आता अचूकतेबद्दल, कारण मोबाइल नऊ-दहा आकडे देतो आणि ते सगळे खरे वाटतात. पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर तापलं की सुमारे पाव टक्का फुगतं. भातसाच्या साठ्यावर पाव टक्का म्हणजे अठराशेच्या आसपास दशलक्ष लिटर. तेव्हा उत्तर ७.१७ वर थांबवावं, पुढचे आकडे शोभेचे आहेत. लहान टोकालाही तेच: २७ अंशांना एक मिलीलिटर पाण्याचं वस्तुमान ९९६.५ मिलिग्रॅम असतं, पूर्ण हजार नाही. पिपेट (प्रयोगशाळेतली द्रव मोजायची नळी) वजनाने तपासताना हे विसरलं तर चांगली पिपेट नापास होते. लिटरचीही १९०१ ते १९६४ दरम्यान व्याख्या एक किलो पाण्याचं घनफळ अशीच होती, ती घन डेसिमीटरहून किंचित मोठी निघाली, म्हणून १९६४ मध्ये ती सोडून पुन्हा सरळ घन डेसिमीटर ठेवला.

एक्सेलमध्ये हे सगळं मांडणार असाल तर एकच इशारा. एक्सेल १५ अंकांपर्यंतच नेमकं धरतं. भातसाचा साठा मायक्रोलिटरमध्ये एका रकान्यात लिहा, शेजारी एक थेंब म्हणून ५० लिहा आणि बेरीज घ्या. बेरीज भातसाइतकीच येते, थेंब नाहीसा होतो. भातसाएवढ्या आकड्याजवळ यंत्राची सगळ्यात छोटी पायरीच १२८ ची असते, त्यामुळे ५० तिथे उमटत नाही. म्हणून मोठे आकडे दलघमीच्या रकान्यात, लहान मिलीलिटरच्या रकान्यात आणि एकक शीर्षकात पूर्ण अक्षरांत लिहावं.